पाळण्याखालचा माणूस

माणदेशातल्या एका गावची जत्रा. आकाशपाळण्याच्या कठड्याला टेकून मी त्या माणसाशी बोलत होतो. म्हणजे बोलत होतो मीच. तो रांगेवरची नजर न हलवता तुटक उत्तरं देत होता. मध्येच त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "तुम्ही अठ्ठ्याहत्तर असाल, सर." चार पावलांवर एक पोरगा वजनकाटा मांडून बसला होता. दहा रुपये देऊन उभा राहिलो. सत्त्याहत्तर किलो सहाशे ग्रॅम. परत येऊन मी आकडा सांगितला तर त्याला त्याचं काही विशेष वाटलं नाही. "चपला काढल्या असतील," एवढंच म्हणाला.

त्याच्या हाताखालची पोरं त्याला उस्ताद म्हणतात. वय पन्नाशीच्या पुढे, अंगावर ग्रीसचे डाग पडलेला फुलशर्ट, खिशात पाना. त्याच्या उजव्या हाताशी एक दांडा आणि पायाशी एक पेडल. या दोहोंवर तो तीन-चार मजली उंचीचं चाक फिरवतो आणि थांबवतो. पण त्याचं खरं कौशल्य त्या दांड्यात नाही हे मला वजनकाट्यावर उभं राहिल्यावर कळलं. रांगेतल्या प्रत्येक माणसाचं तो डोळ्यांनी वजन करत असतो. चार कॉलेजच्या पोरी आल्या की दोनशे. आजोबा, आजी आणि दोन नातवंडं, दीडशे. मिसरूड फुटलेली, दंड दाखवणारी चार पोरं, पावणेतीनशे. आणि हे आकडे जुळले नाहीत की तो हाक मारतो, "ओ ताई, तुम्ही जरा थांबा. मावशी, तुम्ही पुढं या." रांगेतल्या लोकांना वाटतं, हा वशिला लावतोय. क्वचित भांडणही होतं.

तो असं का करतो ते समजायला थोडा हिशेब लागतो.

समजा पाळण्याचा व्यास १४ मीटर आहे, म्हणजे सुमारे ४६ फूट. मधल्या आसापासून प्रत्येक डबा ७ मीटरवर. चाक मिनिटाला ५ फेरे घेतं आणि ते फिरवायला साडेसात हॉर्सपॉवरची मोटर आहे. घर्षणात काहीच वाया गेलं नाही असं धरलं, तरी ही मोटर ७ मीटर लांबीच्या दांडीच्या टोकाला, ६० किलोची जेमतेम अडीच माणसं उचलू शकते. अडीच! आणि पाळण्यात तर १२ डबे, डब्यात चौघं, म्हणजे ४८ माणसं बसलेली असतात. मग बाकीच्यांना वर कोण नेतं? समोरच्या डब्यातली माणसं. तुम्ही वर जाता कारण पलीकडचं कुटुंब खाली येत असतं. ते वर जातं तेव्हा तुम्ही त्याला उचलत असता. मोटरने फक्त घर्षण सोसायचं आणि दोन बाजूंमधली किरकोळ तफावत. तराजूची दोन्ही पारडी समान असली की एका बोटानेही तो हलतो, तसंच.

पारडी असमान झाली तर मोटर गुरगुरते, चाक फिरवणारा दोर घसरतो, आणि जड बाजू वरून खाली येताना चाक आपल्याच वजनाने पळू लागतं. ते आवरायचं काम ब्रेकवर पडतं. ब्रेक तापला की जळका वास येतो, आणि हा वास उस्तादला गर्दीतल्या भज्यांच्या, उदबत्तीच्या आणि डिझेलच्या वासातूनही वेगळा ओळखता येतो. वीज गेली तरी जुळलेला पाळणा दोन माणसं हाताने ओढून फिरवतात आणि लोकांना एकेक करून उतरवतात. न जुळलेला पाळणा मात्र जड बाजू खाली घालून बसतो, आणि हलकी माणसं वर अंधारात लटकत राहतात.

म्हणून भरायचाही एक क्रम असतो. पहिला डबा भरला की दुसरा नाही भरायचा. अर्धा फेरा फिरवून सातवा आणायचा. मग चौथा, मग दहावा. पाळणा अशा रीतीने भरत जातो आणि बसलेल्यांना वाटतं, हा आपल्याला उगाच वर-खाली करतोय. एका डब्याला अर्धं मिनिट धरलं तरी बारा डब्यांना ६ मिनिटं लागतात, आणि खरी सफर तीन-चार मिनिटांची. म्हणजे लोक ज्या गोष्टीचं तिकीट काढतात तिच्याहून जास्त वेळ बसण्या-उतरण्यात जातो. धंद्याची सगळी कमाई या अर्ध्या मिनिटात अडकलेली असते. खिट्टी लावणारा पोरगा चपळ असेल तर रात्रीत दहा-बारा फेऱ्या जास्त निघतात. गर्दी ऐन भरात आली की मग क्रमाची गरज उरत नाही. एक डबा रिकामा करून लगेच तसाच भरायचा, वजनाला वजन. पंचाईत होते ती शेवटच्या फेरीला. तेव्हा पुन्हा उलटसुलट क्रमाने उतरवावं लागतं. आधी उतरलेला माणूस आपल्या बायकोला वर पाहून विचारतो, "अहो, तिला का नाही सोडत?" ती त्या वेळी कुणाच्या तरी पारड्यात असते.

या यंत्राला आपल्या भाषेने दिलेलं नाव मला फार आवडतं: रहाटपाळणा. विहिरीवरच्या रहाटाला पोहरे बांधलेले असतात, एकामागून एक वर येतात, रिते होतात, खाली जातात. पोहऱ्यांच्या जागी पाळणे. ज्याने हे नाव ठेवलं त्याला यंत्राचं मर्म कळलं होतं. लोकांच्या तोंडी आकाशपाळणा रुळला, शहरात जायंट व्हील. उस्ताद आणि त्याची पोरं नुसतं 'व्हील' म्हणतात.

चाक जुनं आहे. पिएत्रो देल्ला वाल्ले या इटालियन प्रवाशाने १६१५ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सणाच्या दिवसांत अशा फिरत्या चाकात बसल्याचं लिहून ठेवलंय. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६२० मध्ये आजच्या बल्गेरियातल्या प्लोव्हदिव्ह शहरात असे झुले पाहिले. ती लाकडाची, माणसांनी हाताने फिरवायची चाकं होती. आपल्याकडच्या चार डब्यांच्या लाकडी पाळण्याचे ते भाऊबंदच म्हणायचे. तो पाळणा फिरवणारा माणूस आऱ्यांवर चढायचा आणि लोंबकळत खाली यायचा. इंजिन म्हणजे त्याचं स्वतःचं वजन. पोलादाचं महाचाक आलं १८९३ मध्ये, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात. जॉर्ज फेरिस हा पुलांचा इंजिनिअर. त्याचं चाक २६४ फूट उंच होतं, ३६ डबे, एकेका डब्यात ६० माणसं. पुढे तीनच वर्षांत, वयाच्या ३७ व्या वर्षी तो वारला, तोही कर्जात. पण जत्रेच्या दृष्टीने फेरिसपेक्षा विल्यम सलिव्हन हा माणूस मोठा. फेरिसच्या चाकात बसून तो भारावला आणि १९०० मध्ये त्याने इलिनॉय राज्यातल्या जॅक्सनव्हिल गावात सुटं करून दुसऱ्या गावी नेता येईल असं चाक उभं केलं. बिऱ्हाड पाठीवर घेतलेला पाळणा तो हाच.

आपल्याकडे फिरत्या करमणुकीचा इतिहास लिहिला गेला तो मुख्यतः तमाशाचा आणि सर्कशीचा. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये सर्कस काढली हे शाळेतली मुलंही सांगतील. पाळणेवाल्याची नोंद कुणी ठेवली नाही. तो कलाकार नव्हता, त्याचा खेळ पाहायला कुणी येत नाही. लोक पाळण्यात बसतात आणि जत्रा पाहतात.

त्याचा दिवस उशिरा सुरू होतो. पोरं तिकीटघराच्या मागे, फळ्यांच्या खाली, ट्रकच्या हौद्यात झोपलेली असतात. नऊ-साडेनऊला एकेक उठतं. पंचायतीच्या टँकरचं पाणी, स्टोव्हवर चहा. या पोरांतली बरीच उत्तर प्रदेशातली, बिहारमधली, बंगालमधली. काही इथलीच, जत्रेत पाळणा पाहायला आली आणि पाळण्याबरोबर निघून गेली अशी. हंगामाच्या आधी मालक उचल देतो, ती सात-आठ महिन्यांत फेडायची. ऊसतोडीच्या टोळीत चालतो तोच हा शब्द, आणि व्यवहारही तसाच: फिटता फिटत नाही.

चहा झाला की ठोकाठोक. उस्ताद हातोडी घेऊन आसापासून सुरुवात करतो. बोल्टवर हलकेच मारायचं आणि ऐकायचं. आवळलेला बोल्ट खणकन वाजतो. सैल झालेला भद्द. रेल्वेत डब्यांची चाकं तपासणारे लोक वर्षानुवर्षं हेच करत आले. एका पाळण्यात शेकड्यांनी बोल्ट असतात, आणि आदल्या रात्रीच्या थरथराटात रोज दोन-चार ढिले पडतात. मग डब्यांच्या खिट्ट्या, आडव्या दांड्या, डबा ज्या खुंट्यांवर झुलतो त्यातलं ग्रीस. शेवटी चाक रिकामं फिरवून पाहायचं, आधी हळू, मग वेगात. भारतीय मानक ब्युरोची या खेळण्यांसाठी आयएस १५४७५ नावाची संहिता आहे. आरेखन, उभारणी, तपासणी सगळं तिच्यात आहे. उस्तादने ती पाहिलेली नाही. मी त्याला तिच्याबद्दल सांगितलं तर त्याने विचारलं, "त्यात आवाजाचं लिहिलंय का?"

दुपारी मैदान भगभगतं. देवळात गर्दी असते, इकडे कुत्रीही फिरकत नाहीत. तरी चारच्या सुमारास पाळणा फिरायला लागतो, रिकामाच. थांबलेला पाळणा म्हणजे बंद दुकान. फिरता पाळणा दोन कोसांवरून माणूस ओढतो. पहिलं गिऱ्हाईक बहुधा एकटं-दुकटं असतं. नवं लग्न झालेलं जोडपं, नाहीतर शेजारच्या वाडीहून आलेला मामा आणि भाचा. त्यांना बसवायचं तर समोरच्या डब्यात कुणीतरी हवं. अशा वेळी उस्ताद नुसतं बोट करतो आणि दोन पोरं निमूट जाऊन बसतात. पोरं नसली की वाळू भरलेल्या सिमेंटच्या गोण्या. बिट्टू नावाने सगळे हाक मारतात असा एक सडपातळ पोरगा तिथे होता. त्याला कायम एका गोणीबरोबर बसवत, कारण तो एकटा पुरत नसे.

आता वेगाबद्दल. परदेशातली प्रेक्षणीय चाकं इतकी संथ असतात की चालत्या डब्यात पाय टाकता येतो. जत्रेतल्या पाळण्याचं तसं नाही. लोकांनी पैसे दिलेत ते पोटात गोळा येण्यासाठी. हा गोळा नेमका किती मोठा, तेही सांगता येतं. आपला १४ मीटरचा पाळणा मिनिटाला ५ फेरे घेत असेल तर अगदी वरच्या टोकाला ६० किलोच्या माणसाला आपलं वजन ४८ किलो भासतं आणि तळाला ७२. वेग वाढवून मिनिटाला ८ फेरे केले की वर ३० आणि खाली ९०. वेग दीडपटीहून थोडाच वाढला, पण वजनातला फरक अडीचपट झाला. कारण परिणाम वेगाच्या वर्गाने वाढतो. वजन असं अर्ध्यावर येतं तेव्हा पोटातले अवयवही हलके होऊन किंचित सरकतात, आणि मेंदू ते पडण्याची सूचना म्हणून घेतो. त्यात डबा वरून पुढे कलंडताना समोरचा आधार नाहीसा होतो. उस्तादला वर्ग-घन ठाऊक नसले तरी हे पक्कं माहीत आहे की पाचाचे सहा करताना किंकाळ्या आनंदाच्या असतात आणि सातानंतर सूर बदलतो. तो सूर ऐकून तो वेग ठरवतो. लहान मूल वर रडायला लागलं की फेरी त्याच्यापुरती संपते. तो डबा खाली आणून सोडवतो आणि समोरून एक पोरगा उतरवून घेतो.

त्याला धास्ती वेगाची नसते. ओढणी, मोकळे केस, वाऱ्यावरचा पदर यांची असते. फिरत्या आसात नाहीतर खुंटीत केस गुंतले तर ब्रेक दाबेपर्यंत उशीर झालेला असतो. "ताई, केस बांधा. काकी, पदर खोचा." हे तो रात्रीत किती वेळा म्हणतो याला गणती नाही. अलीकडे त्यात एक वाक्य वाढलंय: "मोबाइल खिशात."

जत्रेत पाळण्याच्या शेजारी त्याचे नातलग उभे असतात. कोलंबस नावाची झुलती होडी, गर्रकन वळणारा ब्रेकडान्स, टोराटोरा, लहान मुलांची ड्रॅगनची रेल्वे. यांच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही; बटण दाबलं की चालतात, चालकाला नजर ठेवावी लागते एवढंच. पण मौत का कुआँ ही चीज निराळी. लाकडी फळ्यांच्या उभ्या विहिरीत भिंतीवरून मोटारसायकल पळते. ती खाली का पडत नाही? भिंत चाकाला आत ढकलत असते, आणि त्या दाबामुळे टायर आणि फळी यांच्यात जे घर्षण होतं ते गाडीला तोलतं. ५ मीटर त्रिज्येची विहीर आणि बऱ्यापैकी पकड धरली तर किमान वेग येतो ताशी ३२-३३ किलोमीटर. गावातल्या रस्त्यावर आपण याहून जोरात जातो. मात्र या वेगाला चालवणाऱ्याला आपलं वजन जवळजवळ दुप्पट झाल्यासारखं वाटतं; मान ताठ ठेवणं हीच कसरत. अशा अवस्थेत तो हात सोडतो आणि कठड्यावरून वाकलेल्या लोकांच्या बोटांतली दहाची नोट ओढून घेतो. टायरखाली फळ्या कडाकडा वाजतात, सगळी विहीर हलते. तिला बाहेरून पिंपाच्या पट्ट्यांसारखे तारेचे दोर आवळलेले असतात, त्यांनी ती शाबूत राहते. इथे चालकाचा जीव टांगणीला, प्रेक्षक सुरक्षित. पाळण्यात बरोबर उलटं. उस्ताद म्हणाला, "त्याचं सोपं. तो पडला तर तो पडला."

पाळणा उभा करायला आठ-दहा माणसांना दीड-दोन दिवस लागतात. यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग लोकांना दिसतच नाही, कारण तो जमिनीत असतो. जागा मुरमाड असेल तर निम्मी काळजी मिटली. काळी माती म्हणजे डोकेदुखी. सुकली की भेगाळते, भिजली की लोण्यासारखी होते, आणि तिच्यावर टनांनी वजन ठेवून ते रात्रभर हलवायचं असतं. मग रुंद लाकडी ठोकळे पसरून त्यांच्यावर पायाची चौकट बसवायची, म्हणजे वजन जास्त जागेवर वाटलं जातं. सपाटी पाहायला पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांच्या पातळ्या जुळवायच्या. गवंडी करतात तसंच. तळाला एका अंशाची चूक राहिली तर १५ मीटर उंचीवर तो कल २६ सेंटिमीटर होतो, वीतभराहून जास्त. पुढे दोन्ही बाजूंचे तिरपे खांब, चेनकप्पीने वर ओढलेला आस, मग आरे. आरेही समोरासमोर जोडीनेच लावायचे. माणसं बसायच्या कितीतरी आधी तराजू सुरू झालेला असतो.

जागा मिळवणं हा स्वतंत्र उद्योग. पंचायत किंवा देवस्थान लिलाव करतं, नाहीतर फुटावर भाडं लावतं. पोलिसांचा परवाना, अग्निशमनाचा दाखला, विद्युत निरीक्षकाची तपासणी, यंत्राच्या सुस्थितीचं प्रमाणपत्र, विमा, तात्पुरतं मीटर. पूर्वी करमणूक कर होता, १९२३ च्या कायद्याचा. २०१७ पासून जीएसटी. या कागदांपैकी बहुतेक कागद हवेतच, याबद्दल उस्तादचं दुमत नाही. त्याचा राग तपासणीच्या पद्धतीवर. एका ठिकाणी तपासायला आलेल्या साहेबांनी गाडीतून न उतरता काचेतून पाळणा पाहिला आणि सही केली. दुसरीकडे फाईल चार दिवस हललीच नाही, तिच्यावर वजन ठेवेपर्यंत. "आमचा धंदा वजनाचाच आहे," तो म्हणाला, आणि त्या रात्रीत तो पहिल्यांदाच हसला.

वर्षाचं गणित मालक मांडतो आणि ते पंचांगात पाहून मांडावं लागतं. नवरात्रात नाशिकची कालिका यात्रा. मार्गशीर्षात तापीकाठची सारंगखेड्याची दत्तजयंतीची जत्रा, घोड्यांच्या बाजाराची. त्याच महिन्याच्या वद्य पक्षात साताऱ्याकडे पुसेगावचे सेवागिरी महाराज आणि नांदेडकडे माळेगावचा खंडोबा; दोन्ही मोठ्या, पाळणा एक. संक्रांतीला सोलापूरची सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. पौषात पालीचा खंडोबा, मुरबाडजवळचं म्हसा, खाली गोव्यात म्हापशाचा बोडगेश्वर. चैत्र लागला की शिखर शिंगणापूर, जोतिबा आणि गावोगावच्या जत्रा, अक्षय्यतृतीयेपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नाही. तमाशाच्या फडांचा आणि पाळण्यांचा हंगाम एकच. रस्त्यात ढाब्यावर त्यांची गाठ पडते.

गोम अशी की संक्रांत सूर्यावर चालते आणि दत्तजयंती चंद्रावर. २०२३ मध्ये दत्तजयंती होती २६ डिसेंबरला, पुढच्या वर्षी १४ डिसेंबरला, आणि २०२५ मध्ये ४ डिसेंबरला. म्हणजे सारंगखेड्याहून सोलापूरपर्यंत पोचायला एका वर्षी तीन आठवडेही मिळत नाहीत आणि दोनच वर्षांनी तब्बल ४१ दिवस. मधल्या दिवसांत आठ-दहा माणसांना जेवायला घालायचं, तर आडगावची एखादी जत्रा धरावीच लागते. आंगणेवाडीची भराडीदेवी तर आणखी वेगळी. तिची तारीख पंचांगात नसते, देवीचा कौल घेऊन ठरते. ती जाहीर झाली की मालवणच्या वाटेवरचे ट्रक एकदम जागे होतात.

पावसाळ्यात पाळणा ताडपत्रीखाली सुटा पडून असतो. गंज खरवडणं, रेड ऑक्साइडचा हात, मग निळा-पिवळा रंग, झिजलेली बेअरिंगं बदलणं. पोरं गावी जातात. २०२० मध्ये हा पावसाळा मार्चमध्येच लागला. त्या वर्षी गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि देशभरची टाळेबंदीही त्याच दिवशी सुरू झाली. चैत्राच्या जत्रांसाठी निघालेलं सामान जिथे होतं तिथे थांबलं. उस्तादने ते दिवस एका पेट्रोल पंपामागे पाळण्याच्या आऱ्यांवर कपडे वाळत घालत काढले. त्याबद्दल त्याला अधिक काही बोलायचं नव्हतं.

मी तिथे होतो त्या संध्याकाळी वळीव आला. सहाच्या सुमारास पश्चिमेला धुळीचा तांबूस पडदा उठला, अजून लांब होता, कुणाचं लक्ष नव्हतं. पाळण्यात दहा डबे भरलेले. उस्तादने रांग तोडली, तिकीट बंद करायला सांगितलं आणि उतरवायला सुरुवात केली. वारा यायच्या आत पाळणा रिकामा करायला पाच मिनिटं लागणार, म्हणजे वारा लागल्यावर विचार करून चालतच नाही. पहिला डबा, मग समोरचा. "आत्ता तर बसलो!" वरून एक जण ओरडला. "पैसे परत घ्या, दादा, पण उतरा." सात डबे झाले आणि पहिला झोत आला. रिकामे डबे गदागदा हलायला लागले, झालरीचे बल्ब एकमेकांवर आपटले. राहिलेल्या तीन डब्यांपैकी दोन समोरासमोर होते, एक जादा. बिट्टू न सांगता त्याच्या समोरच्या डब्यात चढला, आपली गोणी कवेत घेऊन. शेवटची बाई उतरली ती उस्तादला शिव्या देतच उतरली. नंतर धुळीत काही दिसेना. अर्ध्या तासाने पाऊस पडून थांबला, पैसे परत मागायला साताठ जण आले, तेही दिले.

रात्री नऊला पुन्हा गर्दी. दहाच्या ठोक्याला भोंगे बंद झाले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी आहे, सरकार सवलत देतं ते मोजके दिवस सोडून. मला वाटलं, गाणी थांबली की जत्रेची मजा जाणार. उस्तादचा चेहरा मात्र सैल झाला. संध्याकाळपासून पहिल्यांदाच त्याला पाळणा ऐकू येत होता. बेअरिंगची घरघर, खुंट्यांवर डब्यांची कुरकुर, दोराचा सरसराट. त्याने मान तिरपी केली, दोन फेरे ऐकलं आणि एका पोराला म्हणाला, "पाच नंबरला ग्रीस दे उद्या."

जत्रा उठली त्या रात्री मी थांबलो होतो. पाळणा उभा करायला दीड दिवस लागतो, उतरवायला आठ तास. आधी डबे, मग कडं, आरे समोरासमोरून, शेवटी आस. ट्रकमध्ये भरतानाही तळाला तेच जातं जे पुढच्या गावात सर्वांत शेवटी लागणार असतं. पहाटे चारच्या सुमारास पायाची चौकट उचलली. पावसाने मऊ झालेल्या जमिनीत ठोकळ्यांचे चार चौकोनी खड्डे उरले होते, एक बाकीच्यांपेक्षा बोटभर खोल. उस्तादने त्यात पाय घालून पाहिला, काही बोलला नाही. मालकाचा फोन वाजला. पुढची जत्रा कराडच्या खालच्या अंगाला, जागा ठरली होती, भाडंही ठरलं होतं, बाकी सगळं ठीक होतं.

"ते असू दे, शेठ," तो म्हणाला. "माती कसली आहे?"